मुजीब सरांना माझी गरज आहे

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. तनुजाच्या फुटबॉल करिअरची नोंद कुणीतरी ठेवायला पाहिजे. पोरगी मोठी प्लेअर झाली की लोक विचारतील, सुरुवात कशी झाली. तेव्हा आठवत बसायला नको.

आज अकॅडमीत पालकांची मीटिंग. चौदा वर्षांखालच्या मुलींचे कोच मुजीब सर. माणूस बरा आहे. पण कोचकडून काय पाहिजे ते पालकांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकावं, नाहीतर ही मंडळी मनमानी करतात. मी उभं राहून सांगितलं. प्रत्येक मॅचनंतर सरांनी घरी फोन करून पोरगी कशी खेळली ते कळवावं. तनुजाला पुढं गोल मारायला ठेवावं, मागं राखणीला नाय. आणि पालकांच्या अनुभवाचा फायदा घ्यावा. मी स्वतः तालुक्याला कबड्डी खेळलोय. राखीवमध्ये होतो, पण फोटोत आहे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, देखो गोकुळभाई, पालकों का काम दोच. टाइम पे छोडना, टाइम पे ले जाना. और गाडी पे मॅच की बात नक्को. सगळे हसले. मीपण हसलो. सर विनोदी आहेत.

५ नोव्हेंबर

ऑफिसात बसून टीमची मांडणी काढली. साहेबांना वाटलं कालव्याचा नकाशा आहे, बघून बरोबर आहे म्हणाले. तनुजा मधोमध पुढं, बाकीच्या दहा जणी तिला बॉल देणार. पालकांच्या ग्रुपवर टाकली. सरांनी अंगठा पाठवला. म्हणजे पटलं.

जेवताना तनुजा म्हणाली, पप्पा, तुम्हाला ऑफसाईड कळतं का? म्हटलं, न कळायला काय झालं. ती म्हणाली, थांबा, वाट्या मांडून दाखवते. म्हटलं, जेव गुमान.

९ नोव्हेंबर, रविवार

लीगची पहिली मॅच. तनुजा मागं, डिफेन्सला. सर माझा नकाशा घरी विसरले असतील. म्हणून मीच बाहेरून आठवण देत होतो. तनू पुढं जा, तनू सोड तिला, तनू पळ. शेवटी पोरगी बापाचं ऐकून पुढं गेली आणि समोरच्यांनी मोकळ्या जागेतून येऊन गोल मारला. मागं आपलं कुणीच नाय. असं मागं कुणी नसतं तेव्हा कोचचं लक्ष कुठं असतं?

घरी येताना क्रांती चौकापासून गारखेड्यापर्यंत स्कूटरवर तिला सगळ्या चुका नीट समजावल्या. घरात आल्यावरपण ती हेल्मेट काढेना. सरिता म्हणाली, अहो, पोरगी आता हेल्मेट घालून जेवणार का? मी म्हटलं, खेळाडूंचं असतं काहीबाही.

१२ नोव्हेंबर

ग्रुपवर आता फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं. बरं झालं. काही पालक लई लिहायचे.

मी माझे मुद्दे सरांना पर्सनलवर पाठवतो. एकच टिक येते. सर राहतात तिकडं नेट नसावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी देवासमोर सरिताला साक्ष ठेवून ठरवलं, आज एक शब्द बोलणार नाय. शिट्टी वाजली आणि मोडलं. पण मी बोललो ते समोरच्या टीमच्या पोरीला, आपल्या नाय. तरी रेफरीनं मला दोरीच्या मागं पाठवलं. तिथूनपण आवाज पोचतोय म्हणून लिंबाच्या झाडापर्यंत पाठवलं. कबड्डीचा दम आहे, जाणार कुठं.

जिंकलो. तनुजा फार छान खेळली म्हणतात. मी झाडामागं होतो.

१९ नोव्हेंबर

शहागंजला जाऊन ट्रॅकसूट घेतला. दुकानदार म्हणाला, तुमच्या पोटाच्या मापात एकच शिल्लक आहे, पाठीवर ‘कोच’ छापलेला. मी काय सांगितलं नव्हतं त्याला. माणसाकडं बघून कळतं काहींना.

सरिता बघून हसली. मग हसतच राहिली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मुजीब सरांनी स्वतः बोलावून घेतलं. मला माहीत होतं, एक दिवस येणार.

पुढच्या रविवारी सेमीफायनल. टुर्नामेंटवाले म्हणतात, प्रत्येक टीमनं लाईनवर उभा राहायला एक माणूस द्यायचा. सरांनी माझ्या हातात झेंडा दिला. बॉल बाहेर गया तो उपर, नहीं तो नीचे. और जिसके हाथ में झेंडा, उसका मुंह बंद, ये रूल है. असा रूल मी ऐकला नव्हता, पण वरच्या लेव्हलचा असावा. बाकीचे पालक माझ्याकडं बघून एकमेकांना टाळ्या देत होते. मोठ्या मनाची माणसं.

दुसरी बातमी: सेमीफायनलला तनुजा पुढं खेळणार. नकाशा कामाला आला. तनुजा म्हणते, मीच सरांना विचारलं होतं, ते म्हणाले आधी मागं खेळ, बॉल कुठून कसा येतो ते कळू दे, मग पुढं टाकतो. पोरीला अजून श्रेय द्यायचं कळत नाय.

जिंकलो तर टीम नागपूरला, राज्याला. तिनं बॅग आजच भरून दारामागं ठेवली. सरिता म्हणाली, अगं जिंका तर आधी. तर म्हणाली, मम्मी, भरलेली असली की बरं वाटतं.

बिडकीनला आप्पांना फोन केला. पिकअप गाडी करून सगळी भावकी घेऊन या म्हटलं. लेकानं लाईन धरायचीय. आप्पा म्हणाले, धर बाबा, काहीतरी धर.

२७ नोव्हेंबर

ऑफसाईडचा व्हिडिओ लावला. चांगला होता. झोप लागली.

तनुजा परत वाट्या घेऊन आली. म्हटलं, परवा बघू, आज झेंड्याची प्रॅक्टिस आहे. गच्चीवर जाऊन वर-खाली, वर-खाली केलं. शेजारच्या गच्चीवरच्या फारूकभाईंची कबुतरं सगळी उडाली ती उतरेनात. फारूकभाई म्हणाले, गोकुळभाई, ये झेंडा कितने दिन चलेगा? म्हटलं, बघू, पुढं मुंबईपर्यंत जाईल.

३० नोव्हेंबर, रविवार

हरलो. एक-शून्य.

नोंद म्हणून लिहितो. मन शांत आहे.

भावकी वेळेवर आली. आई पिकअपच्या हौद्यात खुर्ची टाकून बसली. मी लाईनवर, पाठीवर कोच. एक शब्द बोललो नाय. बॉल बाहेर गेला की झेंडा वर. फर्स्ट क्लास काम.

मॅच संपायला आली, दोन्हीकडं शून्य. तेवढ्यात आपल्या एका पोरीनं मधून बॉल ढकलला आणि तनुजा सुटली. एकीला डावीकडून चुकवलं. गोलकीपर पुढं आली, तिच्या बाजूनं अलगद सरकवला. जाळीत. मी माझ्या आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलेलं नाय, लग्न धरून.

मी नाचलो. कोणता बाप नाचणार नाय? दोन्ही हात वर. एका हातात झेंडा.

रेफरीची शिट्टी वाजली. पळत माझ्याकडं आला. म्हणाला, ऑफसाईड का?

सगळं ग्राउंड माझ्याकडं बघत होतं. आप्पा, आई, सरिता, पिकअपभर माणसं. आता नाचताना हात वर गेला असं कोण सांगणार? म्हटलं, व्हय.

गोल बाद. त्यांनी बॉल घेतला, पलीकडं नेला आणि मारला. मॅच संपली.

आप्पा म्हणाले, पोटच्या पोरीचा गोल बाद दिला, याला म्हणतात न्याय. पिकअपमध्ये टाळ्या पडल्या. माझंही तेच म्हणणं आहे. स्वतःच्या लेकीविरुद्ध निर्णय द्यायला काळीज लागतं. आई मात्र खाली वाकून हळूच म्हणाली, झेंडा हातात घिऊन नाचला का रं तू? मी पाणी प्यायला गेलो.

मुजीब सरांनी झेंडा घेतला, काठीला गुंडाळला, पिशवीत टाकला.

स्कूटरवर मॅचचा विषय काढला नाय. रस्ता लई लांब झालाय अलीकडं.

१ डिसेंबर

जेवायला बसलो तर तनुजानं न विचारताच मांडलं. मिठाची वाटी गोलकीपर. लिंबू त्यांची शेवटची डिफेंडर. शेंगदाणा ती स्वतः. म्हणाली, मला बॉल दिला तेव्हा मी इथं होते, लिंबू माझ्या पुढं. लिंबू पुढं असलं की ऑफसाईड नसतं. एवढंच आहे पप्पा.

म्हटलं, लाईनवरून वेगळं दिसतं. ती म्हणाली, तुम्ही लाईनवर नव्हता, नाचत होता. मी बघितलं. मग तिनं लिंबू उचललं, वरणावर पिळलं आणि जेवली.

कळलं मला ऑफसाईड. सोपं आहे. गोल बरोबर होता.

दारामागची बॅग दिसली नाय. सरिताला विचारलं. म्हणाली, कपडे कपाटात गेले. तिनंच लावले घडी करून.

३ डिसेंबर

सरांना मेसेज लिहिला. सर, तो ऑफसाईड नव्हता. मी आनंदानं हात वर केला आणि मग खोटं बोललो. तनुजाला काही म्हणू नका. लिहायला जेवणाची सुट्टी गेली.

पाठवला. एकच टिक.

७ डिसेंबर, रविवार

तिसऱ्या नंबरची मॅच. आज तनुजाला वेळेवर सोडलं.

सरांनी नवीन जबाबदारी दिलीय. गेट. गाड्या आत येऊ द्यायच्या नाहीत. मेसेजचं सांगायचं होतं, पण सर म्हणाले, बाद में भाई, अभी गेट. गेट मागच्या बाजूला आहे आणि मधे भिंत, त्यामुळं ग्राउंड दिसत नाय. जबाबदारीचं काम आहे. ट्रॅकसूट बघून लोक विचारत होते, कोच साहेब, बाथरूम कुठंय? तीन-चार जणांना नीट दाखवलं.

मधेच आत मोठा गलका झाला. वॉचमन खुर्चीवर चढून भिंतीवरून बघत होता. त्याला विचारलं, काय झालं? म्हणाला, गोल. कुणी मारला? म्हणाला, अकरा नंबरवाली.

अकरा नंबर तनुजाचा.

हात वर गेला. हातात काहीच नव्हतं. तरी खाली घेतला.