पोंक्ष्यांची लाल गाडी

१० फेब्रुवारी २००८, रविवार

घेतली!

आईला सांगितलेलं नाही. ऑफिसात तर नाहीच. लाल, जर्मन, दोन दारं, दोनच सीट. आत बसलं की बूड रस्त्याला टेकल्यासारखं वाटतं. जुनी आहे— बॉनेटचा रंग उन्हानं फिका पडलाय, डॅशबोर्डला एक लांब भेग. आणि स्टिअरिंग डावीकडे! मागे पांढऱ्या रंगात इंग्रजीत लिहिलेलंच आहे, 'लेफ्ट हँड ड्राइव्ह'. जणू इशारा.

मालक वैजनाथ पोंक्षे. प्रभात रोडच्या एका गल्लीत छोटासा बंगला. धातूंचे इंजिनीअर, बरीच वर्षं जर्मनीत होते, परत येताना गाडी बरोबर आणली. मूलबाळ नाही. आता उजवा हात थरथरतो— पार्किन्सन्स. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलीय. म्हणून पेपरात जाहिरात: 'स्पोर्ट्‌स कार विकणे आहे. हौशी लोकांनी येऊ नये.' मी गेलेच.

"आपण कुठल्या?"

"अकोल्याची. इथे कर्वेनगरला राहते."

"अकोल्यात रस्त्यांना वळणं आहेत?"

"नाहीत."

"मग इथे शिकाल."

एवढीच मुलाखत. माझ्या आधी दोघांना परत पाठवलं म्हणे. एकानं ॲव्हरेज विचारलं, दुसऱ्याला गाडी पिवळी करायची होती.

त्यांच्या पत्नी, आनंदीबाई, दारात उभ्या होत्या. किल्ली माझ्या हातात आली तशा वळून आत गेल्या.

१२ फेब्रुवारी

आईला फोन केला. "काहून घेतली वं? दोन सीटा! अन् मी आन् तुहे बाबा आलो त कुठी बसू?"



इथे लिहून ठेवते, कारण तोंडानं सांगता येणार नाही. नोकरीला लागल्यापासून कुकर घेतला, गादी घेतली, बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं. सगळं गरजेचं. उगाच म्हणून एक वस्तू घेतली नव्हती मी. एकही नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

पोंक्षे स्वतःहून शिकवायला आले. सोलापूर रोडला गेलो. लोणी काळभोरच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागे मी— अडकलेली! स्टिअरिंग डावीकडे असल्यानं पुढचं काही दिसतच नाही. समोरून येणारी गाडी आधी उजव्या सीटवरच्या माणसाला दिसते. त्यानं सांगायचं, आपण ऐकायचं.

"थांबा... थांबा... अजून थांबा. जा!"

गेले.

"एकटं असलं की काय करायचं?"

"मागे राहायचं," पोंक्षे म्हणाले. "पंधरा वर्षं आनंदीच्या शब्दावर ट्रक ओलांडलेत मी. एकदाही चुकली नाही. बाकी सगळ्यात चुकते."

बोलताना उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

९ मार्च

रविवार आता त्यांचेच झालेत. मधल्या दिवसांत फोन.

"तेल बघितलंत?"

"बघितलं, काका."

"काका नाही. पोंक्षे. तेलाचा रंग कसा होता?"

रंग बघायचा असतो हे माहीतच नव्हतं. थाप मारली. पकडली त्यांनी.

२० एप्रिल

नागपूरचा मुलगा आला होता बघायला. बरा होता. गाडी पाहून हसला, म्हणाला, "लग्नानंतर विकशील ना?" मी म्हटलं, नाही. तो पुन्हा हसला— आपण समजूतदार आहोत असं दाखवणारं हसू. चहा संपवून गेला. आई दोन दिवस फोन उचलत नाहीये.

पोंक्ष्यांना सांगितलं. म्हणाले, "दोन सीटची गाडी घेतली की माणूस नीट निवडावा लागतो."

२२ जून

गाडी कर्वेनगरच्या चौकात बंद पडली. भर पावसात. मागून हॉर्न, एक रिक्षावाला ओरडला, "ओ मॅडम, शोभेची हाय का?" ढकलत बाजूला घेतली. गॅरेजवाला म्हणतो, पेट्रोलचा पंप गेलाय, इथे मिळणार नाही. पोंक्ष्यांनी जर्मनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. जर्मन बोलताना ते वेगळेच दिसतात. तरुण. हसतात!

फोन ठेवल्यावर शर्टाचं वरचं बटण लावायला गेले. लागेना. कितीतरी वेळ. शेवटी आनंदीबाई आल्या आणि त्यांनी लावलं. ते छताकडे बघत उभे राहिले.

३ ऑगस्ट

पंप आला, बसला. गाडी सुरू. बंगल्यापुढे नेऊन उभी केली. पोंक्षे बाहेर आले— पावलं घासत, छोटी छोटी. बसताना दाराला धरून कितीतरी वेळ गेला. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "मी गाडीत बसतोय. विमानात नाही."

मुळशीपर्यंत गेलो. एका ट्रकमागे मी वाट बघत होते, त्यांचा शब्द आला तो फार उशिरा. ट्रक तोवर वळून गेला होता.

१२ ऑक्टोबर

आमचा क्लायंट अमेरिकेतली बँक. बुडाली. निम्मी टीम गेली. माझ्या हाताखालच्या दत्तप्रसादला गुरुवारी मलाच सांगावं लागलं, नोकरी गेली म्हणून— तो हिंगोलीचा, बहिणीचं लग्न ठरलंय. त्यानं फक्त विचारलं, "मॅडम, आयडी कार्ड आज द्यायचं की उद्या?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आज संध्याकाळी पोंक्ष्यांकडे. ते न्हाणीत पडले होते या आठवड्यात. कपाळावर टाके. पाणी पितानाही ठसका लागतो आता. आनंदीबाई चमच्यानं पाजत होत्या. "पुढे काय?" असं मी विचारलं, म्हणजे डॉक्टर काय म्हणतात. त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "पुढे हेच," म्हणाल्या.

त्यांचं माझ्याशी हे पहिलं वाक्य. इतक्या महिन्यांत!

९ नोव्हेंबर, रविवार



गेल्या गेल्या पोंक्षे म्हणाले, "पुढच्या रविवारी मला किल्ली हवी आहे. एक दिवस. मी आणि आनंदी. ताम्हिणी घाटात जाऊन येतो."

मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. दाढी केलेली होती, इस्त्रीचा शर्ट.

"मी नेते ना तुम्हाला."

"दोनच सीट आहेत."

"मग दुसरी गाडी करू, मोठी. सगळेच जाऊ."

"मला मोठी गाडी नको आहे. ही हवी आहे. आणि चालवणार मी."

"डॉक्टरांनी—"

"डॉक्टरांची गाडी नाही ती."

"माझी आहे!" 

माझ्या तोंडून गेलं. त्यांच्या घरात, त्यांच्यासमोर. "बरोबर आहे," ते म्हणाले. "कागद आपल्या नावावर आहेत."

आनंदीबाई भिंतीपाशी खुर्चीत होत्या. "द्या ना," म्हणाल्या. "एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे. मी बसेन शेजारी. बघेन मी." आवाजात विनवणी होती. ती बाई कधी कुणाला विनवत असेल असं वाटलं नव्हतं.

मी नाही म्हटलं. घाटात वळणांवर माणसं असतात, दुचाकीवर पोरं असतात, हात ऐनवेळी आखडला तर— हे सगळं बोलले. खूप बोलले. एवढं बोलायची गरज नव्हती.

पोंक्षे म्हणाले, "ठीक आहे. दमलो मी."

म्हणजे जा.

११ नोव्हेंबर

माझं बरोबर होतं. ऋतुजालाही विचारलं— ती माझी रूममेट— म्हणाली, ऑफ कोर्स बरोबर होतं, वेडी आहेस का? कोणी मेलं असतं तर पोलीस तुझ्या दारात आले असते.

माझं बरोबर होतं. मग जेवण का जात नाही?

१६ नोव्हेंबर, रविवार

गेले होते. आनंदीबाईंनी दार अर्धंच उघडलं. "झोपलेत," म्हणाल्या. फाटकातून निघताना खिडकीकडे नजर गेली. पोंक्षे खुर्चीत बसलेले. जागे. माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा "झोपलेत". पेढे घेऊन गेले होते, ते आनंदीबाईंनी घेतले. फाटकाबाहेर गाडी सुरू करायला दोन वेळा किल्ली फिरवावी लागली. खिडकी रिकामी होती.

४ डिसेंबर

ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन. पोंक्षे! धावत बाहेर आले.

शब्द आता चिकट झालेत त्यांचे, एकमेकांत अडकतात. 

"तेल... बघितलंत?"

"बघितलं."

"रंग?"

"काळपट. बदलायला टाकते शनिवारी."

"हं."

ठेवला. जिन्यात बसून रडले. राग गेला असेल का? की सवय नुसती?

७ डिसेंबर, रविवार

दार पूर्ण उघडलं! पोंक्षे पलंगावर, पाठीशी उशा. दोघं पत्ते खेळत होते. त्यांची पानं आनंदीबाईंनी एका लाकडी पट्टीच्या खाचेत उभी लावून दिलेली. ते बोटानं दाखवत, त्या टाकत. त्यांच्या वतीनंही त्याच आणि स्वतःच्याही. "लबाडी करते ही," ते म्हणाले. आनंदीबाई म्हणाल्या, "केली असती तर हरले असते का?"

घाटाचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. भित्री.

२१ डिसेंबर, रविवार

पोंक्षे गेले. पहाटे. छातीत कफ झाला होता, दोन दिवस हॉस्पिटलात होते. मला कळवलंच नाही. सकाळी आनंदीबाईंचा फोन— "गाडी घेऊन या." एवढंच.

वैकुंठ स्मशानभूमीत न्यायला मोजकीच माणसं. शववाहिका पुढे निघाली. शेजारच्यांनी आनंदीबाईंना त्यांच्या मोठ्या गाडीत बोलावलं. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि उजव्या सीटवर बसल्या. पदर सावरून, पट्टा लावून. किती सवयीनं!

म्हात्रे पुलाच्या अलीकडे मध्ये एक बस घुसली. शववाहिका दिसेना. मी बसच्या मागे घुटमळत होते.

"थांबा," आनंदीबाई म्हणाल्या. काचेला कपाळ टेकवून पुढे बघत होत्या. "थांबा... जा."

गेले. रस्ता मोकळा होता.

४ जानेवारी २००९

गाडीवर कव्हर घातलंय. त्या दिवसानंतर काढलंच नाही. बसनं ऑफिसला जाते.

एक दिवस मागितला होता त्या माणसानं. पंधरा वर्षं ज्यानं ती गाडी जपली, त्याला एक रविवार. मी पोलीस, कागद, रस्त्यावरची पोरं सगळं सांगितलं. पण खरं काय? माझ्या गाडीला काही होईल ही भीती नव्हती का, थोडी तरी? थोडी होती. कोण जाणे, ते नीट गेले असते, नीट परत आले असते. घाटातला चहा प्यायले असते. माणूस मरताना माझ्यावर नाराज होता आणि आता ते कधीच मिटणार नाही.

विकून टाकते. जाहिरात कशी द्यायची तेवढं सुचत नाही.

११ जानेवारी, रविवार

आनंदीबाईंना सांगायला गेले, गाडी विकतेय म्हणून. आणि माफी मागितली. एक दिवस द्यायला हवा होता म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्ही परत येणार नव्हतो."

मला कळेना.

"घाटातून. दोघांनाही यायचं नव्हतं परत. यांनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. तुझ्याकडे किल्ली मागायच्या आधीच दूधवाल्याला सांगून झालं होतं, सोमवारपासून नको."

आत कुकरची शिट्टी झाली. त्या उठल्या, गॅस बंद करून परत आल्या.

"तुझे उपकार मानायचे की तुला माफ करायचं, ते अजून ठरलेलं नाही माझं. ठरलं की सांगीन. तोवर रविवारी येत जा."