तक्रार आता माझ्याकडेच

हल, इंग्लंड, सोमवार

लाडके एडना,

तुझा गुडघा कसा आहे? जिना जपून उतर गं.

आम्ही घरोघर फिरणाऱ्या नर्सांनी मतदान करून सरकारी आरोग्यसेवा सोडली आणि स्वतःची संस्था काढली. उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब गेले. माझ्या पेन्शनची काळजी तू करू नकोस. ती मी करतेच आहे.

आज मी टॉरडॉफ आजोबांच्या पायाला पट्टी बांधत होते. त्यांनी विचारलं,

"विकलं का गं तुम्हाला?"

"नाही हो, आम्हीच मालक. उपचार फुकटच."

"मग तक्रार कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"तर ऐक. तीन वर्षं घोट्यापाशी पट्टी आवळतेस."

"आणि आज सांगता?"

"सरकारला कोण सांगत बसणार?"

मी पट्टी सोडली आणि पुन्हा बांधली.

तुझी थोरली,
बेरिल