पठारावरचा दवाखाना आवरताना

आबा, काल सातपुड्यातल्या वरच्या गावात आमचा फिरता दवाखाना हिवाळ्यासाठी आवरून ठेवला आणि आज धुळ्याला, देवपुरातल्या आपल्या घरी येऊन तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे हा दवाखाना तुम्ही पाहिलेला नाही. जीपच्या मागे जोडून ओढत न्यायची दोन चाकांची खोलीच आहे ती. सुट्टीत फिरायला जाणारे लोक अशा ट्रेलरमध्ये राहतात म्हणे. आमच्या चोपड्याच्या संस्थेने मात्र तो बायकांना तपासण्यासाठी करून घेतला. आत तपासणीचं टेबल, हात धुवायचं बेसिन, एवढंसं शौचालय, पाण्याची टाकी, पंप आणि गिझर. डॉक्टर मॅडम बायकांना तपासतात. गाडी, वीज आणि पाणी माझ्याकडे. दिवाळी झाली की तिकडची माणसं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, पाडे ओस पडतात, ती परततात थेट होळीला. तोवर ट्रेलर तिथल्या शाळेच्या आवारातच उभा असतो, कारण घाटातून तो पुन्हा पुन्हा वर-खाली ओढणं जोखमीचं.

तुम्ही धुळ्याच्या पाणीपुरवठ्यात सगळी नोकरी फिटर म्हणून काढलीत, पण थंडीने पाइप फुटलेला तुम्ही कधी पाहिला नसेल. आपल्याकडे मे महिन्यात नळाखाली हात धरवत नाही. वर मात्र पौषात गवतावरचं दव गोठतं, पत्र्यावर पांढरा थर धरतो. गावातल्या लोकांनी मला हे सांगितलं होतं. तरी गेल्या वर्षी मी नुसती टाकी रिकामी केली, नळ घट्ट बंद केले, कुलूप लावलं आणि खाली जाणारी एसटी गाठली. पंपात, गिझरमध्ये, नळ्यांच्या खोलगट भागांत पाणी तसंच राहिलं. होळीनंतर पहिलं शिबिर लागलं, मॅडमनी बेसिनचा नळ सोडला, तर पाणी नळाला यायच्या आधी कपाटाखालून फवाऱ्यासारखं उडालं. पंपाला उभी भेग गेली होती आणि नळ्या जोडणारा एक कोपराही फुटला होता. बाहेर बायका येऊन बसलेल्या. त्यात सातव्या महिन्यातली एक सून होती, ऊसतोडीवरून परवाच आलेली, पाय सुजलेले, सासूबरोबर शाळेखालच्या पाड्यावरून चढत आलेली. मी दारात उभी राहून सांगितलं की आज पाणी नाही, पुढच्या आठवड्यात या. म्हातारी उठली, म्हणाली, "पानी आमी लई येतस. तुमी तपासा." आणि हातपंपावरून दोन हंडे भरून आणले. त्या दिवशीची सगळी तपासणी त्या हंड्यांवर झाली. सुनेचं ब्लड प्रेशर फार चढलेलं निघालं. मॅडमनी तिला तशीच जीपमध्ये घालून चोपड्याला नेलं.

संध्याकाळी परतल्यावर मॅडमनी मला विचारलं, "हे कशानं झालं?" मी म्हणाले, "पंपच खराब आला होता, मॅडम." किती सहज बोलून गेले मी. मग संस्थेने धुळ्यातल्या कारागिराला, ज्याने ट्रेलर बांधला त्याला, तक्रारीचं पत्र लिहिलं. तो भला माणूस लगेच वर आला, नवा पंप बसवून जुना घेऊन गेला. जाताना मलाच म्हणाला, "चुकलं असेल तर माफ करा, ताई." मी मान हलवली.

आबा, त्या दिवसापासून मला शेजारच्या अक्कांचं स्वयंपाकघर आठवतंय. मी दहावीला असेन. तुम्ही ड्यूटीवर होतात, अक्कांचा नळ गळत होता आणि मी तुमची पिशवी घेऊन मोठ्या तोऱ्यात गेले होते. बाहेरचा कॉक बंद न करताच नळ काढला. पाण्याचा लोट ओट्यावर आला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा डबा उपडा झाला, चूल विझली. तुम्ही घरी आल्यावर मी सांगितलं की अक्कांचा नळच कुजलेला होता. तुम्ही तो नळ हातात घेऊन फिरवून पाहता. मला अजून तुमचा अंगठा त्याच्या आट्यांवरून फिरताना दिसतो. तुमचा आवाज चढत नाही. "नय चांगला शे," तुम्ही म्हणता. "पानी सांडनं त्यानं काही नही. खोटं का बोलनी? आते जा आन अक्काले सांग." मी रडत गेले. अक्कांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातात फडकं दिलं, बाकीची फरशी पुसायला.

यंदा दिवाळीआधी मी धुळ्याला त्या कारागिराच्या शेडमध्ये गेले. तो वेल्डिंग करत होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की पंप चांगला होता, पाणी मी काढलं नव्हतं. त्याने कोपऱ्यातून जुना पंप आणून माझ्यापुढे धरला, भेगेवर बोट ठेवलं. "माले तवयच समजनं व्हतं. आठे पानी थिजीसन हाई फुटेल शे." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तो म्हणाला, "तुमी सोता सांगशात असं वाटनं." त्याने चहा मागवला. मग जमिनीवर खडूने सगळ्या नळ्या काढून कुठे कुठे पाणी अडून बसतं ते दाखवलं. मॅडमना सांगायला मला आणखी चार दिवस लागले. त्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं. मग एवढंच म्हणाल्या, "यंदा काय काय करायचं ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटव. तू नसलीस तर दुसऱ्या कुणाला जमायला हवं."

तर काल सकाळी मी वर गेले. गिझर मी शेवटच्या शिबिरानंतरच बंद केला होता, त्यामुळे तो थंड झाला होता. त्याचं खालचं बूच काढलं. टाकीचा कॉक सोडला, नळ्यांचे सगळ्यात खालचे दोन कॉक सोडले, वरचे नळ उघडे ठेवले म्हणजे हवा आत जाईल. तेवढ्यात ती म्हातारी आली. सून ऊसतोडीला गेली आहे, नात तिच्याबरोबर. हो, नात झाली आबा, ठणठणीत आहे, आणि तिची आईही. म्हातारीला पाणी वाया जाताना बघवेना. तिने घरून हंडे आणले, बादल्या आणल्या. निम्मी टाकी तिच्या वालाच्या वेलांना आणि बकऱ्यांना गेली. मग मी पंप अगदी थोडा वेळ कोरडा फिरवला, सायकलच्या पंपाने एकेका नळीत हवा मारली. प्रत्येक नळातून आधी पिचकारी, मग शिंतोडे, मग नुसती फुसफुस. बेसिनखाली सांडपाणी साठतं ती वाटी उघडून ओतली आणि तिथे कापडाचा बोळा घातला, उंदीर येऊ नयेत म्हणून. म्हातारी पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "पोर होयीले येई. तवय उभी राही ती. डाक्टरबाईले दखाडानी शे. पानी राही ना?" मी म्हटलं, "राहील, होळीला पाणी राहील." आणि म्हणताना मला भीती वाटली नाही.

एक सांगायचं राहिलं. नव्या गावात बायका विचारतात, बाईमाणूस असून हे काम कुठे शिकलीस? मी सांगते, माझ्या वडिलांनी लहानपणापासून शेजारी बसवून शिकवलं. तसं काही झालं नाही, हे आपल्या दोघांना माहीत आहे. तुम्हाला मी शिक्षिका व्हावी असं वाटत होतं. मी आयटीआयचा फॉर्म भरला तेव्हा तुम्ही महिनाभर माझ्याशी धड बोलला नाहीत. मग एका रविवारी माझ्या हाताला पेलेल असा लहान पाइपपाना बाजारातून आणलात, माझ्या ताटाशेजारी ठेवलात आणि जेवायला बसलात. हे सगळं त्या बायकांना कुठे सांगत बसू? माझं ते वाक्य ऐकलं की त्या आपल्या पोरींकडे वळून बघतात, तेवढं मला पुरतं. कारागिराला खरं सांगितलं, मॅडमना सांगितलं. पण हे एवढं खोटं मी यापुढेही बोलणार आहे, आबा. पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिण्याचं धाडस केलं.