खडकाच्या कोपऱ्यातला ओटा

ती. ख्रिस्तोफरमामा यांना,

दौंडहून मर्सीचा सलाम. आम्ही सगळे प्रभुकृपेने बरे आहोत, तुम्हीही शिरूरला बरे असाल. तुमची शुगर कशी आहे? (फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिते. पत्र कट करता येत नाही.) मामींना सलाम सांगा आणि गोड खरंच बंद केलंय का तेही त्यांनाच विचारून कळवा.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही आईला हात धरून तळ्याच्या काठावरून उतरवत होतात, तेवढ्यात काठावर रोवून ठेवलेल्या तुमच्या गळाला मासा लागला, तुम्ही तिचा हात सोडून गळाची काठी धरलीत, ती चिखलात घसरली आणि तिचा खुबा मोडला, हा विषय मी अजिबात काढणार नाही. आईने तसं बजावलंय.

तर सांगायचं ते तळ्याचं. ऑपरेशननंतर आई घरात बसली, आणि घरात बसलेली कृपाबाई काय असते ते तुम्ही लहानपणापासून जाणता. माझ्या भाकरीत खोट, जावयाच्या चालण्यात खोट, पास्टरांच्या प्रार्थनेतसुद्धा लांबी जास्त. चाळीस वर्षं गळ टाकलेली बाई दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चौकशा करायची, ते मला बघवेना. शेवटी मी नगरपालिकेत अर्ज दिला की तळ्याचा काठ नीट करा, म्हाताऱ्या गळवाल्यांना पाण्यापाशी बसता येईल असा ओटा बांधा. आणि मामा, तो मंजूर झाला! (मी अर्जाची पोच अजून जपून ठेवली आहे, कारण कोणी विश्वास ठेवत नाही.)

भाग्यश्री नावाची इंजिनिअर आली. पोरगी गुणाची. तिने सगळ्या गळवाल्यांना लिंबाखाली जमवलं, आईलाही रिक्षातून नेलं होतं, आणि तिने अदबीने विचारलं की मासे सगळ्यात जास्त कुठे लागतात, ओटा तिथेच बांधू. आता गळवाल्याला असलं कोणी विचारतं का? बबनरावांनी सख्ख्या जावयाला आपली जागा दाखवलेली नाही. त्यांनी न अडखळता खडकाच्या कोपऱ्याकडे बोट केलं, जिथे मासा सोडा, बेडूकही फिरकत नाही. शंकररावांनी तिकडेच. सिंधूबाईंनी तिकडेच. अकरा माणसं, अकरा बोटं, एक दिशा. सरकारी कामात एवढं एकमत कधी पाहिलं नाही, असं म्हणून भाग्यश्री हरखून गेली. मी घाबरून आईकडे पाहिलं. जिच्यासाठी सगळा खटाटोप, ती सगळ्यांपेक्षा हात लांब करून म्हणत होती, "व्हय बाई, तिथंच. लय लागत्यात."

ओटा सुरेख झालाय. चाक-खुर्ची जाईल असा सौम्य उतार, काठ ढासळू नये म्हणून दगड बसवलेत, बसून गळ टाकता येईल एवढाच उंच कठडा आणि दोघांपुरता बाक. उद्घाटनाला नारळही फुटला आणि पास्टरांची प्रार्थनाही झाली (आई म्हणते तशी लांब). सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या चोरजागी गेला. ओट्यावर एकटी आई. चार महिन्यांत तिला एक चप्पल मिळाली, डाव्या पायाची. मी म्हटलं, अगं, तिथे मासा नाही. तर म्हणाली, "मला ठावं हाय. मीच न्हाई का दावली जागा?" मला आधी हसू आलं, मग स्वयंपाकघरात जाऊन मी रडले.

म्हणून विनंती. रोज एका वेळी, एका जागी आमिष टाकलं तर मासे तिकडे वळतात असं म्हणतात. तुमच्या त्या पेंडीच्या गोळ्यांची कृती तेवढी लिहून पाठवा.

तुमची भाची,
मर्सी

ता. क. आईला पत्र वाचून दाखवलं. कृती तिचीच आहे म्हणे, तुम्ही तिच्याकडूनच शिकलात. तेव्हा पाठवू नका.

ता. क. बाकाच्या दुसऱ्या अर्ध्यावर ती पिशवी ठेवून बसते. परवा बबनराव टेकायला आले, तर त्यांना उठवलं. "भाऊ यायचाय," म्हणाली.

ता. क. हे तिने सांगितलं तसंच लिहिते: "त्याला म्हनावं, मासा मोठा हुता, मी बघितला. त्याच्या जागी मी आसते तर मीबी हात सोडला आसता. पन येवढं करून त्यो मासा सुटला कसा, ते हितं येऊन सांग."