शुक्रवारचा मिळमिळीत रस्सा

सान अंतोनियो,
शनिवार सकाळ

ती. ओफेलियाताईस,

धाकट्या अन्सेल्मोचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार.

तुझी प्रकृती कशी आहे? (हा प्रश्न मी दर पत्रात विचारतो आणि तू ‘बरी आहे’ एवढंच लिहून लिंबाच्या झाडाकडे वळतेस. या वेळी नीट उत्तर दे.) भूक लागते का? झोप? डाव्या कुशीत काही दुखतं-बिखतं का, विशेषतः काल दुपारच्या जेवणानंतर? आपलं सहज विचारतो. मी ठणठणीत आहे, फक्त कालपासून अन्न गोड लागत नाही. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलंय, तेव्हा चष्मा लाव आणि खुर्चीत बस. उभ्याने वाचू नकोस.

आधी एक गोष्ट सांगतो, जी कालपर्यंत मी कुणालाच सांगितली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तुला ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी सान हुआनच्या चर्चमधल्या माउलीला नवस बोललो, की माझी ताई या दारातून चालत बाहेर आली तर मरेपर्यंत शुक्रवारी मांसाला शिवणार नाही. (घाबरलेला माणूस काहीही बोलतो. सोमवार म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं, सोमवारी दोन्या मिनेर्वाची खानावळ बंदच असते.) तू बाहेर आलीस. चाकाच्या खुर्चीतून आलीस, पण माउलीने तेवढं चालवून घेतलं आणि मीही शब्द पाळला. परवा तुझा लेक रोलांदो फोनवर बोलून गेला, की डॉक्टरांना तपासणीत काहीतरी दिसलं म्हणून येत्या गुरुवारी त्यांनी तुला पुन्हा बोलावलंय. मला मात्र तू कळवलंस, की ओसरी रंगवतेय! त्यावरून भांडण भेटल्यावर करू. सध्या एवढंच ध्यानात ठेव, की गुरुवार तोंडावर आलाय आणि काल शुक्रवार होता.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासातला शुक्रवार म्हणजे दोन्या मिनेर्वाकडे पाय ठेवायला जागा नसते. अख्खी वस्ती मांस सोडून देहाला क्लेश द्यायला तिथे जमते, आणि क्लेश म्हणजे दोन नंबरची थाळी: मक्याच्या पोळीत पिवळं चीज गुंडाळलेल्या तीन एन्चिलाडा, वर गडद लाल रस्सा, शेजारी भात आणि घोटलेल्या बीन्स. असला उपवास वर्षभर करायला कुणाची हरकत असेल? मी तर करतोच. ईस्टर झाला की बाकीचे शुक्रवारीसुद्धा मांसावर तुटून पडतात, मी दोन नंबरला चिकटून असतो. पण एक गोष्ट मला नऊ वर्षं छळत आलीय. शुक्रवारी तिचा रस्सा मिळमिळीत होतो. मंगळवारी खावा तर बोटं चाटत राहावीत, आणि शुक्रवारी तोच रस्सा आजाऱ्याच्या पेजेसारखा. मी दर शुक्रवारी हे तिला तोंडावर सांगतो (माणसाने खरं बोलावं), आणि ती दर शुक्रवारी ‘बरं’ म्हणून निघून जाते. चातो म्हणतो, ‘तुझी जीभ म्हातारी झाली, कोम्पाद्रे, रस्सा तस्सा आहे.’ (चातो म्हणजे तो निवृत्त पोस्टमन, तुझ्या लग्नात केकवर बसला होता तो.) काल मात्र पहिला घास घेतला आणि माझे डोळेच मिटले. मंगळवारचा रस्सा! शुक्रवारी! म्हटलं, सुधारली बाई, माझ्या बोलण्याचा अखेर उपयोग झाला. टॉर्टियाने ताटली पुसून पुसून खाल्ली.

आणि तेवढ्यात खिडकीजवळ बसलेल्या फादर कास्परांनी तोंड उघडलं. हे आमचे नवे फादर, विस्कॉन्सिनकडचे, पोरगेलेसे, पहिल्यांदाच तिथे जेवायला आलेले. म्हणाले, ‘बाई, रस्सा फारच सुंदर झालाय, माझ्या आईला कळवायचाय. यात काय काय घालता?’ ताई, त्या खानावळीत चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सुचला नाही म्हणून नव्हे. दोन्या मिनेर्वा म्हणाली, ‘मिरची, जिरं, लसूण, थोडं पीठ...’ आणि थांबली. फादरांनी आपलं निरागसपणे विचारलं, ‘पीठ कशात भाजता?’ ती म्हणाली, आलेच, गॅसवर काहीतरी आहे. आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

सगळ्यांचे घास तोंडाशी नेलेले हात तसेच राहिले. सेन्योरा एउफेमिया, जी चर्चमधली फुलं बदलते, तिच्या तोंडात अर्धी एन्चिलाडा होती. ती गिळवेना आणि फादरांच्या देखत थुंकवेना, त्यामुळे ती नुसती गाल फुगवून बसली. मग चातो टेबलावर ओणवा होऊन कुजबुजला, ‘ती बाहेर यायच्या आत उरका. माहीत नाही तोवर पाप नाही. बीन्सचं कुणी विचारलेलं नाही, त्या सावकाश खा.’ आणि जी झुंबड उडाली म्हणतेस! चांगली सुनानातवंडांची माणसं गाडी चुकत असल्यासारखी गिळायला लागली. फादरांना वाटलं इथली अशीच पद्धत असावी, तेही शिष्टाचार म्हणून भराभर खाऊ लागले. माझी ताटली तर आधीच चकचकीत झाली होती. मला हसू येईना. घशाशी नुसता गुरुवार आला होता.

मी उठलो आणि आत गेलो. दोन्या मिनेर्वा चुलीकडे तोंड करून उभी होती, पुढे एक मोठं पातेलं, एक लहान. मी विचारलं, रश्श्यात काय आहे? ती म्हणाली, ‘कुठल्या?’

मोठ्यात हाडांचं पाणी आणि चरबी, तिच्या सासूच्या काळापासून. लहान्यात नुसतं तेल. लहान पातेलं माझं होतं, ताई. नऊ वर्षं दर शुक्रवारी, बीन्ससकट वेगळं. ‘ईस्टर झाला तरी तुम्ही शुक्रवारी मांस मागत नाही,’ ती म्हणाली, ‘म्हटलं, कुणासाठी तरी असणार. विचारणं बरं दिसलं नसतं.’ मग आज? ‘आज फादर आले. त्यांना मोठ्यातलं कसं वाढू? लहान्यात एकाच ताटापुरतं होतं. वाटलं, तुमचा एक दिवस चालून जाईल.’

मी मटकन कांद्याच्या पोत्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं: तू, बाक, नवस, गुरुवार. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. म्हणाली, ‘नवस तुमचा, पण पातेलं माझं. बोल लागायचाच तर मला लागू दे.’ मला रडू आलं. कांद्यांवर बसलो होतो म्हणून निभावलं.

मग तिने डोळे पुसले, बाहेर गेली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ‘तेलात, फादर. तुमच्या ताटातलं तेलात भाजलंय.’ शब्दन् शब्द खरा. अख्ख्या खोलीने सुस्कारा सोडला, एउफेमियाने गिळलं, आणि चातोने आणखी एक थाळी मागवली.

नंतर मी फादरांना दाराबाहेर गाठलं. ते म्हणाले, नकळत मोडलेला नवस मोडलेला नसतो, आणि बहिणीच्या जिवाचा हिशेब माउली रश्श्यावरून करत नसते. फार मायेने बोलले. पण ताई, ज्या माणसाला तो मिळमिळीत रस्सा सुंदर लागतो, त्याच्या मतावर किती भिस्त ठेवायची?

रोलांदोला आशीर्वाद. लिंबाच्या झाडाला पाणी घाल.

तुझा,
अन्सेल्मो

ता. क. : मी बुधवारी संध्याकाळच्या बसने तुझ्या ब्राउन्सविलला उतरतोय. चातो म्हणतो पत्र तुला बुधवारी दुपारी मिळेल, म्हणजे मी निघालेला असेन आणि तुला नको म्हणता येणार नाही. फोन केला नाही तो यासाठीच. गुरुवारी त्याच बाकावर बसेन. माउलीशी मागचं बोलणं तिथेच झालं होतं, पुढचंही तिथूनच करतो.

ता. क. २ : दोन्या मिनेर्वाही येतेय. खानावळीला कुलूप लावून, ईस्टरआधीच्या उपवासातल्या शुक्रवारी! लहान पातेलं बरोबर घेतलंय. डॉक्टर काहीही म्हणोत, शुक्रवारी ती तुझ्याकडे रांधणार आहे. रस्सा मिळमिळीत असेल. तिच्यासमोर तसं म्हणू नकोस, पुन्हा मागून घे. मीही मागणार आहे.