पिवळे उंदीर

२४ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. उद्या जग विचारेल, लस कशी केली. नोंद हवी.
नरसिंहमूर्ती साहेबांनी सांगून टाकलं की हा शेवटचा चान्स. आतड्याच्या विषाणूवरची माझी डीएनए लस उंदरांत चालली नाही, तर मी बेळगोळला, कोंबड्यांचं खाद्य तपासायला. बघूनच घेतो.

२६ सप्टेंबर
निम्म्या उंदरांना लस टोचून झाली आहे. त्यांच्या पाठीवर पिवळा ठिपका. बाकीचे पांढरे. सगळे मिसळून ठेवलेत, जागा वाचते. माझी असिस्टंट हरिणी म्हणाली की कानांना नंबर लावू, विषाणू पाजण्याआधी रक्तही घेऊन ठेवू. मी म्हटलं, काही गरज नाही. पिवळा म्हणजे लसवाला. शेंबड्या पोरालाही कळेल.

१ ऑक्टोबर
आयुधपूजा. हरिणी गावाला. मी एकट्याने सगळ्या मशिनांना हळदकुंकू लावलं, झेंडू घातला, दारात कोहळा फोडला. मग लक्षात आलं, आमचं खरं आयुध म्हणजे उंदीर! एकेकाला धरून पाठीवर हळदीचं बोट लावलं. कुंकू नाही, डोळ्यांत गेलं असतं. शेवटी शास्त्रज्ञ आहे मी. दोघे चावले.
घरी बायकोला सांगितलं. कमलाक्षी म्हणाली की सुम्ने, उगाच त्या मुक्या जिवांना कशाला छळता. तिला विज्ञानातलं काय कळतं!

३ ऑक्टोबर
विषाणू पाजला. आता प्रत्येकाला वेगळा पिंजरा. सगळ्यांवर काय तेज आलंय!

८ ऑक्टोबर, सकाळी
जिंकलो! निम्म्यांच्या विष्ठेत विषाणू भरपूर. निम्म्यांत नावालाही नाही. साहेबांना बोलावलंय. मैसूरपाक आणला.

८ ऑक्टोबर, संध्याकाळी
हरिणी आज गावाहून परतली. तिने विचारलं की सार, यातले लसवाले कुठले. पिवळे, मी म्हटलं. ती एकेक पिंजरा बघत शेवटपर्यंत गेली. मग हळदीचा डबा कुठे आहे ते विचारलं.
तरी लस चालतेच! नाहीतर निम्मे वाचले कसे? साहेबांना तीनदा हेच सांगितलं. ते म्हणाले की असेल, पण कुठले निम्मे? आता रक्तावरूनही कळणार नाही, विषाणू सगळ्यांनाच पाजलाय, प्रतिपिंडं सगळ्यांतच सापडतील.
मैसूरपाक त्यांनी दोनदा घेतला.

१३ ऑक्टोबर
बेळगोळ. खाद्याची पोती. इथेही क्रांती करीन.
लस साहेबांनी हरिणीकडे दिली. नव्या उंदरांच्या कानांना नंबर लागले म्हणे. फोन करून बजावलं, लस माझी आहे, विसरू नकोस. ती म्हणाली की नाही विसरणार सार, पुढच्या आयुधपूजेला मात्र तुम्ही गावाला जा.