शिगेकीचा आवाज उतरवून घेताना

९ नोव्हेंबर, रविवार
वन्सं आल्या होत्या. ७ डिसेंबरला शिगेकीचं वर्षश्राद्ध. आठवणीच्या वस्तू त्याच दिवशी वाटायच्या ठरल्या. घड्याळ पुतण्याला, इलेक्ट्रिक गिटार कुराशिनाला. तो शिगेकीचा कारखान्यातला सोबती. दोघांनी तीस वर्षं शेजारी उभं राहून गिटारींच्या माना घासल्या आणि शनिवारी कारखान्याच्या बँडमध्ये वाजवलं.
वन्सं म्हणाल्या, हिसाए, चालेल ना ग तुला? म्हटलं, न चालायला काय झालं? मला कुठे वाजवता येते? नुसती पडून आहे. त्या म्हणाल्या, मग खोलीच्या मधोमध स्टँडवर का उभी केलीस? म्हटलं, हवा लागावी म्हणून.
वाईट वाटलं नाही. नोंद करून ठेवते.

१० नोव्हेंबर
गिटार जाऊ दे. आवाज ठेवून घ्यायचा. शिगेकीची एक स्वतःची धून होती, रोज आंघोळीआधी वाजवायचा. बोटं कुठे ठेवायची ते त्याच्या वहीत लिहिलेलं आहे. मी शिकणार, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणार. मग उरलं ते फक्त लाकूड. चार आठवडे आहेत. दोन पुरतील.

१२ नोव्हेंबर
स्टेशनसमोरच्या दुकानातून ऑडिओ इंटरफेस आणला. लाल डबी आहे. एक वायर गिटारला, एक कॉम्प्युटरला, हेडफोन डबीला. निरनिराळ्या अँपचे, म्हणजे गिटारच्या स्पीकरांचे, आवाज डबीतच भरलेले असतात. दुकानातली मुलगी म्हणाली, आजी, नातवासाठी का? म्हटलं, व्यवसायासाठी. का म्हटलं कोण जाणे.
मॅन्युअल १४८ पानी. एकतिसाव्या पानापर्यंत नीट समजलं. पुढे उगाच वाढवलेलं वाटतं.
बटण उजवीकडे फिरवलं की लाल दिवा लागतो. आज सव्वा तास लागलेला होता. तयार असल्याची खूण असावी.

१३ नोव्हेंबर
आवाजाचा त्रास होणार म्हणून शेजाऱ्यांकडे रीतीप्रमाणे भेटीचा टॉवेल घेऊन आगाऊ माफी मागायला गेले. चार घरं, चार टॉवेल. खालच्या यानागिसावा-सान दारातच म्हणाल्या, छे हो, संगीत म्हणजे कसला त्रास!

१७ नोव्हेंबर
लाल दिवा म्हणजे आवाज फाटतोय. बटण निम्म्यावर आणलं. बोटांची सालं निघाली. पहिल्या दोन ओळी येतात. मधे थांबावं लागतं, पण थांबणं हाही संगीताचाच भाग असल्याचं लायब्ररीतल्या पुस्तकात आहे.

१९ नोव्हेंबर
यानागिसावा-सान जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, रोज ऐकते हं मी, किती सुधारणा झाली! वर नोझावानाच्या पाल्याच्या लोणच्याचा डबा दिला. रिकामा डबा कसा परत करायचा, म्हणून सफरचंदं भरून दिली. संध्याकाळी त्यांच्याकडून रताळी आली.
सुधारणा माझ्याही लक्षात आली होतीच.

२३ नोव्हेंबर, सकाळी
शिगेकीचा आवाज सापडला! तिसरा अँप, बटण चाळिशीवर, प्रतिध्वनी अगदी थोडा. त्याचा आवाज कडेला जरा खरखरीत असायचा, पातेल्याच्या तळाच्या खरपुडीसारखा. तसाच आला. हेडफोन काढून मागे पाहिलं. कारण काही नाही. थंडी वाजली होती.
आजपासून रेकॉर्डिंग.

२७ नोव्हेंबर
नऊ वेळा रेकॉर्ड केलं. ऐकलं अजून एकही नाही. वाजवतानाच हेडफोनमध्ये ऐकू येतं, मग पुन्हा कशाला ऐकायचं? भात शिजत असताना झाकण काढू नये.

३० नोव्हेंबर, रविवार
श्राद्धाला किती वाजता यायचं, हे विचारायला कुराशिनाचा फोन. तेवढ्यात विषय निघाला. मी म्हटलं, शेजारी फार कौतुक करतात. तो म्हणाला, वहिनी, हेडफोन लावूनच वाजवता ना? मग बाहेर काय डोंबल जाणार! तारांची टकटक तेवढी होत असेल, तीसुद्धा तुमच्याच खोलीत. खूप हसला.
यानागिसावा-सान यांचे कान फारच चांगले असले पाहिजेत.

४ डिसेंबर
बावीस वेळा झालं. बाविसावं बिनचूक. मधे कुठेही थांबले नाही. आता गिटार कधीही नेली तरी हरकत नाही. पुसून ठेवली. मग पुन्हा एकदा पुसली.

७ डिसेंबर, रविवार
भटजी दहाला येणार. पाहुण्यांना ऐकवायचं म्हणून नऊला रेकॉर्डिंग लावलं. शिगेकीचा आवाज नाही. नुसती टकटक, आणि मागे किटली. दुसरं लावलं, पहिलं लावलं. सगळी तशीच. दुकानाला फोन केला. मुलगी म्हणाली, आजी, कॉम्प्युटरमध्ये इनपुट म्हणून डबी निवडली होती का? नाही तर तो स्वतःच्या माइकनेच ऐकतो. डबीतला आवाज फक्त हेडफोनला गेला. बत्तिसाव्या पानावर आहे.
म्हटलं, आत्ता वाजवून घेते. वायर जोडायला घेतली, तोच वन्संनी बेल वाजवली.
विधी छान झाले. जेवणानंतर गिटार कुराशिनापुढे ठेवली. तो म्हणाला, वहिनी, राहू द्या तुमच्याकडेच. पहिल्यांदा कोणी हो म्हणत नाही, म्हणून मी पुन्हा पुढे केली. तो म्हणाला, खरंच नको, माझी बोटं आता वळत नाहीत. दुसऱ्यांदाही माणूस नाहीच म्हणतो. तिसऱ्यांदा मी म्हटलं, घ्याच, माझ्याकडे नुसती अडगळ आहे. तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे अपमान. त्याने वाकून घेतली. बराच वेळ वाकलेला होता.
वन्सं जाताना म्हणाल्या, येडी आहात दोघं.
स्टँड राहून गेला. त्याला हवा लागतेय.

८ डिसेंबर
दुपारी सगळी रेकॉर्डिंग ओळीने ऐकली. पुसून टाकायची तर आत काय आहे ते माहीत असावं. टकटक, किटली, एकदा टपालवाला. प्रत्येकाच्या शेवटी माझा आवाज आहे: असंच ना रे, शिगेकी? मी असं बोलल्याचं मला आठवत नाही. बावीस वेळा आहे.
त्यानंतर दर वेळी थोडा वेळ काहीच नाही. घड्याळ लावून पाहिलं. पाच-सहा सेकंद. माणूस नीट विचार करून हो म्हणेल, एवढा वेळ.
मग माझं 'बरं'.